ओमदुर्मानची किनार

फखरुद्दीनला एका जागी बसलेलं ज्याने पाहिलं असेल त्याने खुशाल पुढे यावं. चहा तो उभ्याने पितो, पेपर येरझाऱ्या घालत वाचतो, आणि जेवायला बसला तरी एक गुडघा वर, म्हणजे उठायला सोयीचं. "तुमच्या बुडाखाली काय शेगडी ठेवलीय का ओ?" असं त्याची बायको खदीजा लग्न झाल्यापासून विचारत आलीय. पूर्वी या धावपळीला निदान काही अर्थ होता. कारखाना होता, लूम म्हणजे यंत्रमाग होते, सूतवाल्याशी भांडायचं होतं, सुताची तार तुटली की कारागिरावर ओरडायचं होतं. आता लूम नाहीत, कारखान्याच्या जागेत कुणाचे तरी पुठ्ठ्याचे खोके रचलेत, तरी पायाची भिंगरी थांबलेली नाही. कारण तो एका माणसाच्या खबरीची वाट बघतोय, आणि तो माणूस जिवंत आहे की नाही, हे सांगणारं कुणी सापडत नाही.

त्या माणसाचं नाव हाशिम. राहणार ओमदुर्मान, देश सुदान. भिवंडीहून निघालं तर आधी अरबी समुद्र, मग अख्खं अरबस्तान, मग तांबडा समुद्र आणि मग कुठे सुदानचा किनारा लागतो. ओमदुर्मान त्याच्याही बरंच आत, नाईलच्या काठी. फखरुद्दीन तिथे जन्मात गेलेला नाही आणि हाशिमने भिवंडी पाहिलेली नाही.

दोघं भेटले ते जेद्दाला. त्या काळी भिवंडीतल्या कोकणी मुसलमानाच्या घरातला एक तरी मुलगा सौदीला नाहीतर कुवेतला असायचाच, तसा बाविशीतला फखरुद्दीन जेद्दाच्या कापडबाजारात एका दुकानात लागला. हाशिम त्याच दुकानात होता. ताडमाड उंच, बोलायला संथ, चालायला त्याहून संथ. एकाला बसवत नव्हतं आणि दुसऱ्याला उठवत नव्हतं, त्यामुळे मालकाचं बरं चाललं होतं. दोघांची खोली एक, चूल एक. फखरुद्दीनचं बाजारातलं अरबी हाशिमने घडवलं, आणि हाशिमला सुक्या बोंबलाची चटणी खायला फखरुद्दीनने शिकवलं.

हजच्या दिवसांत सुदानी बायका दुकानात यायच्या आणि पांढरं पातळ सुती कापड मागायच्या. सुदानातल्या बाया अंगभर एकच लांब वस्त्र गुंडाळतात, त्याला तोब म्हणतात. आपल्या पाचवारीपेक्षा थोडं आखूड, निऱ्या नाहीत, पदर मात्र डोक्यावरून. नोकरीला जाणारी बाई, म्हणजे मास्तरीण, नर्स, कचेरीतली कारकून, ही पांढरी तोब नेसते. एकदा फखरुद्दीनने ते कापड चिमटीत धरलं आणि म्हणाला, "अरे, हे तर आमच्या घरच्या लूमवर निघेल." हाशिमने सावकाश ते कापड उलटून पाहिलं. मग म्हणाला, "तू वीण, मी विकतो." तेवढ्या दोन वाक्यांवर दोन देशांचा व्यापार सुरू झाला. ना कागद, ना साक्षीदार.

आपला माल ओळखू यावा म्हणून दोघांनी एक किनार ठरवली. कापडाच्या दोन्ही कडांना बारीक हिरवी रेघ, तिला चिकटून केशरी, मग पुन्हा हिरवी. ती किनार फखरुद्दीनने हाशिमशिवाय कुणालाही द्यायची नाही आणि हाशिमने त्या किनारीशिवाय दुसरं पांढरं कापड दुकानात ठेवायचं नाही. पुढे फखरुद्दीन भिवंडीला परतला, वडिलांचे लूम वाढवले. हाशिमनेही ओमदुर्मानच्या बाजारात गाळा घेतला. त्यानंतर दोघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत.

आता किनार राखायची म्हणजे काय, हे ज्याला भिवंडी ठाऊक आहे त्यालाच कळेल. इथे सकाळी तुमच्या लूमवर नवी नक्षी चढली की संध्याकाळी ती समोरच्याच्या लूमवर उतरते. त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. चोरी म्हणा, शेजारधर्म म्हणा. पण फखरुद्दीन या एका बाबतीत भलताच हट्टी. त्या किनारीचा एक चिंधा कारखान्याबाहेर जाता कामा नये. डागी तुकडे निघाले की खदीजा त्यांच्या कडा कापून काढायची आणि मगच तुकडे बाहेर विकायची. कापलेल्या किनारी घरात. त्यांच्या नाड्या झाल्या, त्यांनी मसाल्याच्या पुड्या बांधल्या, दारामागे छत्र्या टांगल्या. घरात जिकडे बघावं तिकडे हिरवं-केशरी-हिरवं.

समोरच्या कारखान्यातला ओसामा तेव्हा नुकताच बापाच्या हाताखाली उभा राहिलेला. त्याने एकदा ती किनार उचलली. फखरुद्दीनला कुणकुण लागली तसा तो तडक समोर गेला, चालता लूम बंद केला आणि ओसामाच्या वाडवडिलांचा उद्धार केला, तोही भर गल्लीत, नमाजहून लोक परतत असताना. ओसामाच्या बापाने मान खाली घालून ती किनार उतरवली. तेव्हापासून दोन घरांत सलाम-दुवा बंद. बाप वारला तेव्हा फखरुद्दीन मयतीला गेला, पण ओसामाशी बोलला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

हाशिमचं बोलणं आधी टेलिफोनवर असायचं, मग मोबाइलवर, शेवटी व्हॉट्सअॅपच्या आवाजी निरोपांत. सुदानी माणूस कामाचं बोलण्याआधी खुशाली विचारतो, आणि विचारतो म्हणजे विचारतच राहतो. तू कसा, खदीजा कशी, मुलगा ताबिश कसा, पाऊस कसा, लूम कसे, लूमवरचा केसरीनाथ कसा. केसरीनाथ म्हणजे टेमघरचा जॉबर, लूमची सगळी दुरुस्ती त्याच्या हातात. तोही मग हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "त्यांना सांगा शेट, मी बरा हाय. त्यांचा गुडघा कसा हाय, इचारा." या सगळ्यानंतर, निरोप संपता संपता, कापडाचे किती ताके पाठवायचे ते यायचं.

दोन देशांच्या सरकारांचं आपापलं चाललेलं असे. कधी तिकडे निर्बंध, बँका पैसे घेईनात, तर ते जेद्दावरून फिरून यायचे. कधी इकडे बोटी खोळंबल्या. एका वर्षी तिकडे सत्तापालट झाला, मोर्च्यांत पांढऱ्या तोबमधल्या बाया पुढे होत्या. पेपरातला तो फोटो फखरुद्दीनने भिंगाखाली धरला आणि किनार शोधत बसला, म्हणजे उभा राहिला. दिसली नाही, छपाईच वाईट होती. पण तो दिवसभर सांगत फिरला की आपलं कापड क्रांती करतंय.

मग एका रमजानमध्ये, ईद तोंडावर असताना, तिकडे लढाई पेटली. दोन सेनापतींची आपसांत, राजधानीतच. हाशिमचा शेवटचा निरोप त्याच दिवसांतला. मागे ठो ठो आवाज. खुशाली मात्र नेहमीसारखीच लांबलचक. शेवटी म्हणाला, "बायको आणि इखलासला उत्तरेला पाठवतोय. मी दुकान सोडून कुठे जाणार? ईदनंतर बोलू." इखलास ही त्याची मुलगी. त्यानंतर फखरुद्दीनने पाठवलेल्या प्रत्येक निरोपाखाली एकच करडी टिक येऊन थांबली. दुसरी कधी उमटली नाही.

तिथून त्याचं बसणं पार संपलं. घरात टीव्हीवर दिवसभर अरबी बातम्या. बाजारभाव विचारण्यापुरतं त्याचं अरबी, त्या बातम्यांतलं निम्मं डोक्यावरून जायचं. तरी तो पडद्यावरच्या गर्दीत तोंडं शोधायचा. ओमदुर्मानचा बाजार जळाला, हे त्याला चित्रांवरूनच कळलं. कुठली गल्ली, कुठला गाळा, काही समजेना. खदीजाने सांगितलं, "अवो, जरा टेका तरी. तुमी फिरून त्यो सापडणार हाय का?" तर हा म्हणाला, "बसून सापडणार आहे का?" आणि चपला घालून बाहेर पडला. कुठे गेला, त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

मुलगा ताबिश भिवंडीजवळ वडप्याला एका मोठ्या गोदामाचं काम बघतो. शिकलेला, शांत, बापाच्या उलट. त्याने कुठूनसं आमंत्रण मिळवलं आणि बापाला मुंबईला घेऊन गेला. हॉटेलात आफ्रिकी देशांशी व्यापार वाढवण्याची सभा होती. गार हवा, पांढऱ्या टेबलक्लॉथचे गोल टेबल. फखरुद्दीनने आधी टेबलक्लॉथची कड उलटून पाहिली. मंचावरचे साहेब भाषण करत होते. दोन्ही देशांचे संबंध ऐतिहासिक, मैत्रीपूर्ण, बहुआयामी. सध्याची परिस्थिती आव्हानात्मक, तरी संधी अमाप. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा फखरुद्दीन उभा राहिला. उभा होताच, हात वर केला इतकंच.

"साहेब, ओमदुर्मानच्या बाजारात हाशिम म्हणून आहे. कापडवाला. उंच आहे, गुडघा दुखतो. तो जिवंत आहे का?"

सभेत कुणी हसलं, कुणी चमचा खाली ठेवला. साहेब माणूस बरा होता. त्याने नंतर बाजूला घेऊन हिंदीत समजावलं, "चाचा, आपल्या लोकांना आपण बाहेर काढलं. पण तो त्यांचा नागरिक. त्यांच्या माणसांची चौकशी करायला आमच्याकडे रस्ता नाही."

"पण संबंध मैत्रीचे आहेत म्हणालात."

"देशांचे आहेत, चाचा."

परतीच्या रस्त्यात माणकोली आली. तेव्हा फखरुद्दीन म्हणाला, "देशाला कुणाचा गुडघा माहीत असतो रे?"

इकडे माल पडून होता. लढाईआधी विणलेले तोबचे ताके वडप्याच्या गोदामात थप्प्या लावून ठेवलेले, प्रत्येकाला ती किनार. आणि लूम चालवायला दुसरं काम नाही, कारण फखरुद्दीन दुसऱ्या कामाला हातच घालेना. तेवढ्यात ताबिशच्या ओळखीने दुबईचा एक व्यापारी आला. त्याला तो सगळा माल हवा होता, आणि किनारीसकट हवा होता. तो म्हणाला, सुदानची माणसं पांगलीत, कैरोत आहेत, जेद्दात आहेत, सुदानातच पूर्वेला पोर्ट सुदानला, कसाल्याला आहेत. बायकांना ती किनार ओळखीची आहे, हातोहात जाईल.

"ती किनार हाशिमची आहे," फखरुद्दीन म्हणाला.

"अब्बा, हाशिमचाचा कुठे आहेत आता?" ताबिशने हळू आवाजात विचारलं.

"म्हणूनच. माणूस समोर असता तर विचारलं असतं. तो नसताना त्याची किनार विकली तर ती चोरीच." दुबईवाला खांदे उडवून निघून गेला.

पण गोदामाची जागा रिकामी करणं भाग होतं. शेवटी फखरुद्दीननेच तोड काढली, आणि तोड काय काढली, तर कापड विकायचं, किनार नाही विकायची. प्रत्येक ताक्याच्या दोन्ही कडा कापायच्या. केसरीनाथने कपाळावर हात मारला. "शेट, कड कापली तं कापड उसवतंय. त्याला कुत्रा इचारनार न्हाय. कापडाची कड म्हंजे त्याचा जीव हाय." फखरुद्दीनने ऐकलं नाही. मोहल्ल्यातल्या बाया बोलावल्या, कारखान्यात लूमच्या मधल्या वाटेवर सतरंज्या अंथरल्या आणि कात्र्या चालू झाल्या. हा त्यांच्यामधून फिरत बघायचा, कुठे केशरी रेघ राहिली तर नाही ना. पुष्कळ दिवस ते काम चाललं. किनारींचे बोचके एका भंगारवाल्याला जाळायला दिले, तेही समोर उभं राहून. आणि उघड्या कडांचं, सुटत चाललेलं ते पांढरं कापड उल्हासनगरला अस्तरासाठी गेलं. ओमदुर्मानच्या मास्तरणीची तोब कुणाच्या तरी कोटाच्या पोटात शिवली गेली. फखरुद्दीनला मात्र त्या रात्री झोप लागली. जबान राखली होती ना.

त्यानंतर लूमही गेले. वजनावर विकले, घणाने फोडून टेम्पोत घातले. फखरुद्दीन त्या दिवशी अंबाडीला एका ओळखीच्या माणसाकडे जाऊन बसला, म्हणजे त्याच्या अंगणात फेऱ्या मारत राहिला. केसरीनाथला समोर ओसामाकडे काम मिळालं. जायच्या आधी तो सांगायला आला, मान खाली घालून. फखरुद्दीन म्हणाला, "जा. लूमची काय दुश्मनी?"

निरोप आला तो शुक्रवारी. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे गल्लीत बोललेलं ऐकू येतं. जुम्म्याची नमाज उरकून फखरुद्दीन घरी आला, खदीजा ताट वाढत होती. मोबाइलवर आवाजी निरोप आला. नंबर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. आवाज बाईचा, तरुण, आणि सुरुवात ऐकूनच त्याने हातातला पेला खाली ठेवला. तुम्ही कसे, खदीजाचाची कशी, ताबिश कसा, लूम कसे, केसरीनाथ कसा. बापाचीच लकब.

इखलास होती. ती आणि तिची आई कैरोत पोचल्या होत्या. आईचा फुटलेला फोन इतक्या दिवसांनी एका दुकानदाराने चालू करून दिला, त्यातून हा नंबर निघाला. बाबा? बाबा ओमदुर्मानला राहिले, मग बाजार जळाला, मग लोकांबरोबर पायी पूर्वेकडे निघाले. फोन वाटेत लुटला गेला. कुणाचा नंबर पाठ नाही. पण कसाल्याहून आलेल्या एका बाईने त्यांना पाहिलंय, गेल्या वर्षी. एवढं ऐकून फखरुद्दीन चक्क खाली बसला. खदीजाला अरबी येत नाही, पण नवऱ्याला बसलेलं बघून तीही घाबरून समोर बसली.

पुढचं इखलास सावकाश सांगत होती. बाबा कसाल्याच्या बाजारात दुकानादुकानांत जायचे, पांढऱ्या तोबची घडी उलटायचे आणि कड बघायचे. त्या बाईने विचारलं तर म्हणाले, फखरुद्दीन बसणारा माणूस नाही. मी सापडत नाही म्हटल्यावर तो कापड पाठवायचं थांबणार नाही, जिथे माझी माणसं पांगलीत तिथे पाठवेल. ती किनार ज्या दुकानात दिसेल त्याला विचारीन, कुठून आणलं? त्याने ज्याच्याकडून आणलं त्याला विचारीन. असं करत भिवंडीपर्यंत पोचेन, आणि भिवंडीला माझ्या मुलीची खबर असेल.

"आम्हीही कैरोत तेच करतोय चाचा," इखलास म्हणाली. "दुकानं बघत फिरतोय. अजून दिसली नाही. लढाईनंतर तुम्ही माल कुठल्या कुठल्या बाजारात पाठवलात, तेवढं सांगा. मी तिथे माणूस पाठवते."

निरोप संपला. फखरुद्दीनने तो खदीजाला मराठीत सांगितला. खदीजाने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग ती म्हणाली, "त्या दुबईवाल्याने कसाल्याचंच नाव घेतलेलं ना?"

"हां."

"आनि आपन कापत बसलो."

तो रडला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, लूम फुटताना डोळ्यांत पाणी आलं नाही, तो हमसून हमसून रडला. इमानाने वागलो म्हणून छाती काढून फिरत होता, आणि त्याच इमानाने मित्राचा एकुलता एक रस्ता त्याने स्वतःच्या कात्रीने कापला होता, बाया लावून, देखरेख करून, एक दोरा राहू न देता. इखलासला उत्तर द्यायला फोन त्याने तीनदा उचलला आणि खाली ठेवला. दुपारभर तो माडीवर चढला, उतरला, पुन्हा चढला.

उन्हं कलली तसा तो रस्ता ओलांडून ओसामाच्या दारात उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ओसामा लुंगीवर होता, केसरीनाथ त्याच्या ओट्यावर बसून उद्याच्या कामाचं बोलत होता. दोघंही उठून उभे राहिले.

"चाचा? सगळं खैरियत?"

"तुझ्याकडे पांढरा सुती माल चालू आहे ना?"

"आहे. का?"

"त्याला माझी किनार लाव."

ओसामाने आधी केसरीनाथकडे बघितलं, मग गल्लीत इकडेतिकडे. त्याला वाटलं, म्हातारा भांडायला आलाय आणि आता साक्षीदार गोळा करेल. "चाचा, तो विषय संपला. तेव्हा मी लहान होतो. अब्बांनी माफी मागितली होती तुमची."

"आता मी मागतो," फखरुद्दीन म्हणाला. "तुझ्या बापाची मागायला हवी होती, ते राहून गेलं. तुझी मागतो. चोरून घे बाबा ती किनार. सगळ्या लूमवर चढव. तुझ्याकडून दुसऱ्याने चोरली तरी चोरू दे. अख्ख्या भिवंडीने विणू दे. पण लवकर."

ओसामाला काही उमजेना. तेव्हा फखरुद्दीनने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जेद्दापासून कसाल्यापर्यंत. केसरीनाथ पुन्हा खाली बसला. "गुडघा दुखतोय त्यांचा," तो एवढंच म्हणाला. "येवढं चालत्यात कसं?"

ओसामा धंदेवाला मुलगा. त्याने विचारलं, "पण चाचा, माल घेणार कोण?"

"दुबईवाला. ताबिश त्याच्याशी बोलेल. त्याला सांगायचं, कुठेही पाठव. पाठवायचं नाही असं एकही गाव नाही."

शनिवारी लूम सुरू झाले तेव्हा केसरीनाथने एका लूमच्या दोन्ही कडांना रंगीत धाग्यांच्या बॉबिनी टांगल्या, धागे फणीतून ओवले. फखरुद्दीन मागे उभा. आयुष्यभर ज्याने परक्या लूमवर आपली किनार सापडतेय का म्हणून डोकावून बघितलं, तो आता ओरडत होता, "हिरवा दाट दिसला पाहिजे! केशरी सुटतोय, ताण बघ ताण! अशी चोरी करतात का रे?" ओसामा हसला. "चाचा, तेव्हा मी बरोबर केली होती, तुम्ही बंद पाडलीत." त्या गदारोळात फखरुद्दीनलाही हसू आलं. आणि हातभर कापड पुढे सरकलं तशी ती किनार वर आली, हिरवी, केशरी, हिरवी. त्याने ती दोन बोटांत धरून पाहिली.

तो बाहेर येऊन गल्लीच्या कोपऱ्यावर थांबला, जिथे आवाज जरा कमी येतो. इखलासला निरोप बोलू लागला. आधी खुशाली विचारली, नीट, घाई न करता, हाशिम विचारायचा तशी. तिची, आईची, कैरोच्या खोलीची. मग सांगितलं. बेटी, लढाईनंतर मी माल कुठेच पाठवला नाही. होता तोही किनार कापून विकला. मला वाटलं, तुझ्या बापाचा हक्क राखतोय. तुझा बाप ज्या ज्या दुकानात गेला तिथे त्याला काही मिळालं नाही, ते माझ्यामुळे. आता पुन्हा विणायला घेतलंय. मला माफ कर किंवा नको करू, पण कापड बघत राहा.

निरोप गेला. दुसरी टिकही उमटली, दोन्ही निळ्या झाल्या. उत्तर येईना. फखरुद्दीन कोपऱ्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. चहावाल्याने ग्लास पुढे केला तो त्याने घेतला आणि न पिताच कठड्यावर ठेवला. ताबिशचा फोन आला, दुबईवाला तयार आहे म्हणून. त्याने हो हो म्हटलं आणि कापला. ती मुलगी आता कधीच बोलणार नाही, अशी त्याची खात्रीच होत चालली होती.

उत्तर आलं ते अगदी छोटं. या वेळी खुशाली नव्हती. "तुम्ही कुठेच पाठवलं नाही चाचा, म्हणजे बाबांना ती कुठेच दिसलेली नाही," इखलास म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी इतके दिवस समजत होते की किनार दिसूनही ते तुमच्यापर्यंत पोचले नाहीत, म्हणजे ते जिवंत नाहीत. आता तसं नाही. ते अजून दुकानं बघत फिरत असतील. लवकर पाठवा."

फखरुद्दीनने ते एकदाच ऐकलं. मग लुंगी सावरत, वाटेतल्या हातगाडीला धडकत, तो कारखान्यात पळत गेला आणि लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून ओरडला, "केसरीनाथ, दुसऱ्या लूमलाही लाव रे!"